अडतिसाव्या मजल्यावरचा नवस

मी एक जुनी दुर्बीण आहे. पण मित्रांनो, 'जुनी' हा शब्द जरा हळू म्हणा, कारण माझ्या काचा अजून ठणठणीत आहेत आणि कानही तिखट आहेत. सध्या माझा मुक्काम तुमच्या शाळेमागच्या टेकाडावर आहे. मोलगीकडून येणारी जीप वळणावर दिसली की तुम्ही धावत येता, माझ्या डोळ्याला डोळा लावता आणि टपावर कोण बसलंय, कुणाच्या हातात बाजाराची पिशवी आहे, हे एकमेकांना सांगत बसता. त्याचा मला राग नाही. पण परवा तुमच्यातला एक जण म्हणाला, की ही दुर्बीण भंगारातून आणली आहे. तेव्हापासून माझं पित्त खवळलं आहे. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते. नीट बसा, आणि तो जो मागे शेंगा खातो आहे त्याने त्या आधी संपवाव्यात.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. गळ्यात अडकवतात तसली चिमुकली दुर्बीण मी नव्हे. मी लोखंडी पायावर उभी राहणारी, दोन डोळ्यांची, मानेतून गरागरा फिरणारी दुर्बीण आहे. मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. माझ्या काचा घासणारा कारागीर फार कमी बोलायचा. शेवटची काच बसवल्यावर त्याने खिडकीतून लांबच्या एका झाडावर मला रोखलं, पान न् पान मोजल्यासारखं पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, की ही लबाडी करणार नाही. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र. ते मी आजपर्यंत जपलं आहे. असलेलं लपवायचं नाही आणि नसलेलं दाखवायचं नाही, हा माझा धर्म.

तिथून मला खोक्यात घालून सुरतेला आणलं. सुरत तुम्हाला काय सांगायची! तुमच्या पाड्यावरची निम्मी माणसं पिकं निघाली की तिकडे कामाला जातात आणि होळीला परततात. तिथे तापीच्या काठाला अडतीस मजल्यांची एक इमारत उभी राहत होती. सगळ्यात वरच्या मजल्यावर चारही बाजूंनी काचा लावून एक मोठी गॅलरी केली होती. लोकांनी तिकीट काढायचं, लिफ्टने वर यायचं आणि अख्खं शहर एका नजरेत पाहायचं, एवढ्यासाठीच तो मजला बांधलेला. पण नुसत्या डोळ्यांना लांबचं काय दिसणार? त्यासाठी मी.

माझा पाय रोवायला काँक्रीटचा एक गोल ओटा लागणार होता. तो ज्याने बांधला तो गवंडी म्हणजे उदेसिंग. होय, आपल्या रविनाचा बाप. तेव्हा तो पंचविशीचा असेल, मिशा काळ्याभोर, हात मात्र एखाद्या जुन्या मिस्त्रीसारखे चालायचे. त्याची बायको फुलवंताबाई त्याच इमारतीवर खडी-वाळूची घमेली वाहायची. तिला सातवा महिना लागला होता. मुकादम छगनने तिला वजन उचलायची मनाई केली होती. ती नुसती पाण्याचा पाइप धरून भिंतींना पाणी मारत असे.

उदेसिंगने ओटा भरला तेव्हा मी शेजारीच खोक्यात आडवी पडले होते, डोळ्यांवर झाकणं होती. आठवडाभर त्याने ओट्याला पाणी पाजलं. मग दोघांनी मला उचलून बोल्टांवर बसवलं, नट आवळले आणि झाकणं काढली. गॅलरीत उघड्या डोळ्यांनी मी पहिली गोष्ट पाहिली ती ही: उदेसिंग माझ्यापुढे वाकून हात जोडून उभा आहे आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो आहे.

त्याची बोली मला तेव्हा कळत नव्हती. पण छगनने त्याला विचारलं आणि मग सगळा उलगडा झाला. उदेसिंगची आधीची दोन लेकरं जगली नव्हती, एक तर सव्वा महिन्याचंही झालं नव्हतं. हे तिसरं. उदेसिंग नवस बोलला होता, की हे लेकरू जगलं तर त्याला इथे वर आणीन आणि इथेच नारळ फोडीन. छगन हसला. नवस कुणाला, दुर्बिणीला की काय, असं त्याने विचारलं. उदेसिंग थापी आणि ओळंबा पिशवीत घालून खाली निघून गेला.

मी मात्र ताठ झाले! मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्या डोक्यात वारं शिरलं. कारखान्यातल्या माझ्या बहिणी कुठल्या कुठल्या बागेत, किल्ल्यावर उभ्या असतील. पण नवस बोलला गेलेली दुर्बीण आमच्या घराण्यात मी पहिलीच. पाठोपाठ भीतीही वाटली. मी पडले काच आणि लोखंड. माझ्या हातात काय आहे? पण माणूस एवढा विश्वास टाकून गेला आहे म्हटल्यावर मीही रोज तापीकडे तोंड करून म्हणत राहिले, की बाई, हे लेकरू जगू दे.

लेकरू जगलं. इमारतीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत मुलगी झाली आणि उदेसिंगने अडतीस मजल्यांवर गूळ वाटला. माझ्या ओट्यावरही एक खडा ठेवला. मुंग्यांनी तो संध्याकाळपर्यंत संपवला, पण मान मला मिळाला असंच मी धरून चालले. काम संपलं, सगळी मंडळी दुसरीकडे गेली. जाताना उदेसिंग म्हणून गेला, की पोर जरा चालायला लागली की आणतो.

पुढे गॅलरी सुरू झाली आणि माझे वैभवाचे दिवस आले. सकाळी दहापासून रांग. शाळेच्या सहली, नवी जोडपी, गावाकडून आलेले पाहुणे. मला गॅलरीत सांभाळायला रतिलाल नावाचा माणूस होता. हा कळसाडीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा, शहादा तालुक्यातला. घरी कापूस आणि ऊस, पण भाऊ चौघे, म्हणून हा सुरतेला आलेला. बोलायला तिखट, कामाला चोख. खिशात मऊ मलमलचा तुकडा बाळगायचा आणि दर तासाला माझे डोळे पुसायचा. कुणी काचेला बोट लावलं की त्याचं बोट धरून बाजूला करायचा. नियम म्हणजे नियम, हे त्याचं आवडतं वाक्य. दसऱ्याला तो लिफ्टच्या यंत्राची आणि माझी पूजा करायचा. मला झेंडूची माळ घालायचा, कुंकू लावायचा आणि नारळ फोडायचा. वर्षातून त्या एकाच दिवशी नारळाला वर यायची परवानगी होती.

त्या वर्षांत मला माणसाची एक गंमत कळली. मी त्यांना समुद्राकडची खाडी दाखवायला तयार, तापीवरचे पूल दाखवायला तयार, विमान उतरताना दाखवायला तयार. पण माणूस अडतीस मजले चढून वर येतो, माझ्या डोळ्याला डोळा लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "आपलं घर कुठे आहे?" अगदी प्रत्येक जण. मग पाण्याची टाकी, देऊळ, पेट्रोल पंप अशा खुणा लावत शोधाशोध चालते आणि ते घर सापडलं की जणू खजिना सापडला. अहो, सकाळी त्याच घराला कुलूप लावून आलात ना? पण नाही. मी कधी कंटाळले नाही. ज्याला त्याला ज्याचं त्याचं घर दाखवत गेले. लोक रतिलालला म्हणायचे, दुर्बीण एक नंबर आहे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मनात मात्र एक काटा होता. उदेसिंग आला नव्हता.

तीन-साडेतीन वर्षं झाली असतील. एका शाळकरी पोराने माझी मान खाली दाबली आणि मला सरळ इमारतीच्या फाटकावर रोखलं. पाहते तर उदेसिंग! अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्यावर मुलगी, शेजारी फुलवंताबाई, तिच्या हातात नारळ. पहारेकरी त्यांना हाताने नाही नाही म्हणत होता. त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता. वर चारही बाजूंनी काचा होत्या. नारळ, काडेपेटी, बाटली असं काही न्यायचं नाही, हे पाटीवरच लिहिलं होतं. नारळ इथे ठेवा आणि वर जा, एवढंच तो सांगत असणार. पण नारळाशिवाय वर जाऊन करायचं काय? नवस काही हवा खायला बोललेला नव्हता. मला सगळं दिसत होतं, फुलवंताबाईच्या कपाळावरचा घामसुद्धा. हाक मात्र मारता येत नव्हती. दुर्बिणीचं दुःख विचाराल तर ते एवढंच आहे. तेवढ्यात त्या पोराने मला पुलाकडे वळवलं. पुन्हा कुणी तिकडे फिरवलं तेव्हा फाटकासमोर कुणी नव्हतं.

मग वर्षं गेली. लोकांच्या हातातले फोन मोठे झाले. माणसं वर यायची, शहराकडे पाठ करायची, स्वतःचा फोटो काढायची आणि खाली उतरायची. माझ्यासमोर पोरं उभी राहिली तरी माझ्यावर कोपर टेकून फोटोसाठी. एकदा एकाने तर माझ्या डोळ्यावर च्युइंगम चिकटवलं. रतिलालने ते रॉकेलच्या बोळ्याने काढलं. शेवटी वरून निरोप आला, की गॅलरी नवी करायची. जमीन फोडून नवी फरशी घालायची, दुर्बिणीच्या जागी मोठे पडदे बसवायचे, त्यावर बोट लावलं की शहर मोठं होऊन दिसेल. जुनी दुर्बीण भंगारात.

मी म्हटलं, ठीक आहे. मशीन म्हटलं की हे आलंच. पण मी गेले तर त्या लेकराचा नवस कुणापुढे फिटणार?

गणपती उठले आणि फोडाफोडीचं काम छगनला मिळालं. त्याने माप घ्यायला गवंडी आणला, तो उदेसिंगच. आता मिशीत पांढरे केस होते. तो लिफ्टमधून बाहेर आला आणि सरळ माझ्याकडे चालत आला. ओट्याभोवती एक फेरी मारून छगनला विचारलं, की हा कधी फोडायचा. छगन म्हणाला, सोमवारी सकाळी पहिलं काम हेच. उदेसिंगचं तोंड उतरलं. मग बाजूला जाऊन त्याने घरी फोन लावला. पाड्यावर रेंज नाही, म्हणून निरोप मोलगीच्या दुकानात, दुकानातून जीपवाल्याकडे, जीपवाल्याकडून फुलवंताबाईकडे. निरोप एवढाच, की रविनाला शाळेतून घे आणि शनिवारच्या गाडीने ये, नारळ विसरू नकोस.

हे सगळं रतिलालच्या कानावर पडलं. तो इतकी वर्षं फक्त गुजराती आणि हिंदी बोलत आलेला. जवळ येऊन त्याने उदेसिंगला घरच्या अहिराणीत विचारलं, "कोठला शेतस तुम्ही?"

"मोलगीकडला."

"मी कळसाडीना," रतिलाल म्हणाला, आणि मग आपल्या नियमाच्या आवाजात सांगून टाकलं, "पण नारळ वर आनाले बंदी शे, भो. खाली फाटकजोडे फोडी टाका."

उदेसिंगने मान हलवली. हळू आवाजात म्हणाला, "नवस वर बोलेल शे. खाली फोडा तर तो फिटत नही."

रतिलाल खिशातला मलमलचा तुकडा काढून माझे स्वच्छ डोळे पुन्हा पुसत बसला.

रविवारी सकाळी ते आले. मी आज फाटकाकडे रोखलेली होते. कुणी रोखलं होतं ते विचारू नका; रतिलाल तसा वाईट माणूस नव्हता. फुलवंताबाई हिरव्या काठाच्या लुगड्यात. रविना अकरा वर्षांची, दोन वेण्या, शाळेचाच गणवेश. नारळ यावेळी रुमालात बांधलेला. पहारेकरी नवा, पाटी जुनीच. तो थांबवणार, त्याने थांबवलं. फुलवंताबाई काहीतरी समजावत होती. त्या लेकराला ताप आला की तिला काय काय आठवत असेल, हे तिचं तिलाच ठाऊक. अकरा वर्षं ती प्रत्येक तापात एकच गोष्ट म्हणत आली होती, की आपण देणं ठेवलंय. उद्या ओटा फुटणार होता. आज नाही तर कधीच नाही.

रतिलालने वरून ते पाहिलं आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला. दार उघडंच होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्याने गुजरातीत शांतपणे सांगितलं, की साहेब, आपण दर दसऱ्याला या मशीनची पूजा करतो. यंदा दसऱ्याआधीच मशीन चाललं. अकरा वर्षं कमाई करून दिलेल्या मशीनला नारळ फोडल्याशिवाय बाहेर काढलं तर नव्या पडद्यांचं काही खरं नाही. मागाहून मला बोल लावू नका. साहेबांनी दोन मिनिटं विचार केला. नव्या पडद्यांवर बराच खर्च झाला होता. कर बाबा पूजा, म्हणाले, पण एकच नारळ आणि काचेपासून लांब.

रतिलाल खाली गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, पूजेचा नारळ आहे, साहेबांनी मागवला आहे, ही मंडळी घेऊन आली आहेत. यात खोटं एक अक्षर नव्हतं! मग लिफ्टमध्ये उदेसिंगला म्हणाला, "हाई दुर्बीण आते जाई ऱ्हायनी. नारळ फोडाबिगर मशीन धाडतस का कोठे?" दार उघडलं तेव्हा मी हे शेवटचं वाक्य ऐकलं. गंभीर तोंडाचा तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा मिश्कील हसत होता.

मीही सावरून उभी राहिले. म्हटलं, ये बाई रविना. तुझ्यासाठी मी रोज तापीला साकडं घातलंय, ये.

उदेसिंगने ओट्यापुढे गुडघे टेकले. फुलवंताबाईने हळद-कुंकवाची पुडी काढली आणि, ऐका मित्रांनो, ते कुंकू तिने मला लावलं नाही. माझ्या मानेला नाही, पायाला नाही. खाली वाकून ओट्याच्या काँक्रीटला लावलं. मला वाटलं, चुकली असेल. तेवढ्यात रविना आईला विचारते, "दगड कुठे आहे?"

उदेसिंगने ओट्यावर तळहात ठेवला. "इथे. आत."

मग फुलवंताबाईने रतिलालला सांगितलं म्हणून मलाही कळलं. तुम्हाला तर हे सांगायलाही नको. घाट चढून खिंडीत पोचलं की तुम्ही काय करता? एक दगड उचलून तिथल्या ढिगावर ठेवता. पहिल्यांदा जो कुठलीही उंची चढतो त्याने तिथे दगड ठेवायचा, उंचीचाही कुणी धनी असतो, त्याला विचारल्याशिवाय वर जायचं नाही, असं तुमचे म्हातारे सांगतात. उदेसिंग अडतीस मजले आपल्या पायांनी चढला होता, लिफ्ट लागायच्या आधी. एवढी उंची त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती. म्हणून गावाच्या खिंडीतला एक काळा दगड त्याने कमरेला बांधून आणला आणि ओटा भरताना आत ठेवला. नवस त्या दगडाला होता. त्या उंचीच्या धन्याला होता. मी फक्त त्याच्यावर उभी होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी सहा कोसांवरचं जहाज दाखवायची आणि अकरा वर्षं माझ्याच पायाखाली काय आहे याचा मला पत्ता नव्हता. गुळाचा खडा, जोडलेले हात, सगळं मी आपल्या नावावर जमा करून बसले होते. लाज वाटली, मित्रांनो. काचेला घाम येत नाही म्हणून बरं.

नारळ रविनाने फोडला. बापाने तिचा हात धरला होता, पण घाव तिचा. एकाच फटक्यात दोन भकलं झाली आणि पाणी ओट्यावरून खाली ओघळलं. फुलवंताबाईने ओट्याला कपाळ टेकलं, ती बराच वेळ उठलीच नाही. रडत होती. उठली तेव्हा लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता तू आमची." रतिलाल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना मिळाले, साहेबांनाही.

मग रविना माझ्याकडे आली. मला वाटलं, ही आता घर विचारणार. तिने तसंच विचारलं. उदेसिंगने मला तापीवरून उगवतीकडे फिरवलं. मी जीव ओतून पाहिलं, पण लबाडी करणार नाही म्हटलं ना! सुरतेवरून सातपुडा दिसत नाही. नुसता धुरकट पट्टा.

"काहीच दिसत नाही," रविना म्हणाली.

"दिसत नाही," उदेसिंग म्हणाला, "पण तिकडेच आहे."

आणि मग त्याने मला शहराकडे वळवलं. मित्रांनो, मी ते शहर हजारो लोकांना दाखवलं होतं. कुठला मॉल, कुठलं हॉटेल, कुठली हिऱ्यांची बाजारपेठ, सगळं मला तोंडपाठ. पण उदेसिंग लेकीला दुसरंच शहर दाखवायला लागला. ती पांढरी इमारत आहे ना, तिचं बाहेरचं प्लास्टर माझं. त्या शाळेचा जिना. पुलाच्या कडेची ती लांब भिंत तुझ्या आईने पाणी मारून वाढवली. त्या दवाखान्याच्या तळमजल्याला मी आणि तुझा काका. तो बोलत होता आणि रविना माझी मान फिरवत होती आणि मी पाहत होते, अख्खं शहर जणू एकाच घरच्या माणसांनी लिंपलेलं. शेवटी त्याने मला अगदी खाली झुकवलं. तिथे गाड्या लावायची जागा आहे. पूर्वी तिथे पत्र्याच्या खोल्या होत्या. "तो लाल गाडीचा कोपरा," तो म्हणाला, "तिथे तू जन्मलीस." रविना तो कोपरा इतका वेळ पाहत राहिली, की मागे रांग लागली. रतिलालने रांगेला थांबवलं. एवढी वर्षं सगळ्यांना सारखाच वेळ देणाऱ्या माणसाने!

सोमवारी उदेसिंगनेच ओटा फोडला. आधी माझे नट सोडले आणि मला आडवं निजवलं. मग छिन्नी-हातोड्याने हळूहळू, अंड्यातून पिल्लू काढावं तसा तो दगड मोकळा केला. काळा, मुठीएवढा, कुठेही टवका न उडालेला. छगनने विचारलं, घरी नेणार का? उदेसिंग नाही म्हणाला. उंचीवर ठेवलेला दगड उंचीवरच राहतो. नव्या पडद्याचा चौथरा भरताना त्याने तो पुन्हा आत ठेवला. आज तिथे बोट लावून शहर मोठं करणाऱ्या एकाही माणसाला ते माहीत नाही. तुम्हाला आहे.

आणि मी? मला न्यायला भंगारवाला दुपारी यायचा होता. रविना साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने सरळ मागितलं, "ही आमच्या शाळेला द्या." साहेबांनी रतिलालकडे पाहिलं. रतिलाल म्हणाला, साहेब, पूजा केलेलं मशीन भंगारात घालू नये. झालं! रविनाने मागितलं आणि रतिलालने पाठवलं, अशी मी इथे आले. आता बोला भंगार म्हणून!

ट्रकमधून अक्कलकुव्यापर्यंत, तिथून जीपच्या टपावर, मोलगीच्या बाजारात एक दिवस मुक्काम. लोकांनी मला तोफ समजून पाहिलं, ते सोडून द्या. टेकाडावर उदेसिंगने नवा ओटा बांधायला घेतला. फुलवंताबाईने नदीतली वाळू आणली. ओटा ओला असताना मी शेजारी आडवी पडलेली, पण या वेळी डोळ्यांवर झाकण नव्हतं. म्हणून मी स्वतः पाहिलं. रविना आली, तिने दप्तरातून काँक्रीटची एक ढलपी काढली. सुरतेचा ओटा फोडताना उडालेली, एका बाजूला कुंकवाचा डाग असलेली. ती तिने ओल्या सिमेंटमध्ये दाबली आणि वरून थापी फिरवली.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काचेला बोट लावू नका, पुसायचं तर मऊ सुती कापडाने पुसा, मानेला महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या. पावसात माझ्यावर गोणपाट टाका. रतिलाल एवढं रोज करायचा, तुम्हाला जमायला हरकत नाही. आणि अजून एक. डोळा लावण्याआधी खाली वाकून ओट्याला हात लावा. लांबचं मी दाखवीन, तो माझा जिम्मा. पण मी कुणाच्या हातांवर उभी आहे ते मला दिसत नाही, ते तुम्ही पाहायचं.

रविना दर शनिवारी शाळा सुटल्यावर येते. आधी ओट्याला हात लावते, मग मला मावळतीकडे फिरवते, सुरतेकडे. उदेसिंग दिवाळीनंतर पुन्हा तिकडे कामाला गेला आहे. परवा तुमच्यातल्या कुणीतरी तिला विचारलं, की एवढं काय पाहतेस, काय दिसतं?

"दिसत नाही," ती म्हणाली, "पण तिकडेच आहे."